१७ रुपये ९१ पैशांपासून १ रुपया ९९ पैशांपर्यंत : स्वस्त झालेल्या उन्हाचे बिल कोणी भरले?

सौर ऊर्जेच्या यशाची गोष्ट सांगणारा कोणीही, मग तो मंत्री असो, अधिकारी असो की टीव्हीवरचा तज्ज्ञ, दोन आकडे हमखास सांगतो. २०१०-११ साली केंद्रीय वीज नियामक आयोगाने सौर विजेचा दर युनिटला १७ रुपये ९१ पैसे ठरवला होता. डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात हाच दर १ रुपया ९९ पैशांवर आला. दहा वर्षांत जवळपास नऊपट घसरण. आकडे खरे आहेत. पण मधला हिशेब कोणी मांडत नाही. एखादी वस्तू नऊपट स्वस्त होते तेव्हा त्यातले किती यंत्राने वाचवले, किती सरकारने सोसले आणि किती गावकुसाबाहेरच्या माणसाच्या खिशातून गेले, हे विचारायचे असते. हा प्रश्न विचारायला आपल्याला बाबासाहेबांनीच शिकवले आहे, आणि तेही थेट विजेच्या संदर्भात.

बाबासाहेब म्हटले की संविधान, चवदार तळे, धम्मदीक्षा. फार तर रिझर्व्ह बँकेचा उल्लेख होतो. जुलै १९४२ ते १९४६ या काळात ते व्हॉइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते आणि त्या खात्याकडेच पाटबंधारे व वीज हे विषय होते, ही गोष्ट आपल्याच जयंतीच्या व्याख्यानांत क्वचित ऐकू येते. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या इंग्रजी ग्रंथमालेचा दहावा खंड पूर्णपणे या चार वर्षांचा आहे. सुखदेव थोरातांनी या विषयावर स्वतंत्र पुस्तक लिहिले आहे. तरीही आपल्या पोरांना विचारा, देशाच्या वीज धोरणाचा पाया कोणी घातला? दहापैकी नऊ जण नेहरूंचे नाव घेतील.

२५ ऑक्टोबर १९४३ रोजी दिल्लीत सार्वजनिक बांधकाम व वीज धोरण समितीची बैठक झाली. अध्यक्षस्थानी बाबासाहेब. महायुद्ध चालू होते, बंगालमध्ये दुष्काळाने माणसे मरत होती. अशा वेळी त्यांनी समितीपुढे जे प्रश्न ठेवले ते आज ऐंशी वर्षांनंतरही जसेच्या तसे उभे आहेत. वीज खाजगी मालकीची असावी की सरकारी? खाजगी असलीच तर जनतेच्या हितासाठी तिच्यावर कोणत्या अटी घालाव्यात? जबाबदारी केंद्राची की प्रांताची? आणि विजेचा कारभार कसा केला म्हणजे ती मुबलक आणि स्वस्त मिळेल? स्वस्त आणि मुबलक विजेशिवाय उद्योग उभे राहणार नाहीत आणि उद्योगांशिवाय गरिबी हटणार नाही, ही त्यांची मांडणी होती.

ही मांडणी १९४३ मध्ये अचानक सुचलेली नाही. १९१८ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर निबंध लिहिला होता. त्या वेळी सगळे अर्थतज्ज्ञ तुकडे जोडा, तुकडे जोडा म्हणत होते. बाबासाहेबांनी सांगितले की रोग तुकड्याच्या आकारात नाही. जमिनीवर गरजेपेक्षा जास्त माणसे लोंबकळत आहेत, त्यांना दुसरे काम नाही, हा रोग आहे आणि उद्योगीकरण हे त्यावरचे औषध आहे. १९१८ चा निबंध आणि १९४३ चे भाषण शेजारी ठेवून वाचा. वीज ही त्यांच्या लेखी जमिनीला बांधलेल्या मजुराची सुटका करण्याचे साधन होती. महाराला, मांगाला, चांभाराला गावगाड्यातून बाहेर काढून पगाराच्या कामावर नेणारी वाट होती. विजेचा दर त्यांनी कधी नुसता दर म्हणून पाहिला नाही. वीज स्वस्त कशासाठी आणि कोणासाठी, हे त्या दरात धरलेले होते.

याच्या आधीची वीज कोणासाठी होती, तेही पाहू. १९१५ मध्ये टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू झाले, १९२२ मध्ये भिवपुरी, १९२७ मध्ये भिरा. सह्याद्रीतले पाणी अडवून मुंबईच्या गिरण्यांना वीज. मुळशीत १९२१ पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, तो आपल्याला शाळेत शिकवतात. पण ज्या गिरण्यांसाठी मावळ बुडाले त्या गिरण्यांत अस्पृश्याला विणकाम खात्यात शिरायला बंदी होती, हे त्या धड्यात नसते. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागायचा, मग विटाळ होणार! म्हणून जास्त पगाराचे खाते सवर्ण कामगारांना आणि कमी पगाराचे आपल्याला. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी कम्युनिस्ट पुढाऱ्यांना याच मुद्द्यावर जाब विचारला होता. वीज आली, यंत्र आले, जात तशीच राहिली. म्हणूनच १९४३ मध्ये वीज कोणाच्या मालकीची हा प्रश्न त्यांनी पहिला घेतला असावा, असे मला वाटते.

नोव्हेंबर १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले, एप्रिल १९४५ मध्ये जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग. आजचे केंद्रीय वीज प्राधिकरण आणि केंद्रीय जल आयोग यांची मुळे तिथे आहेत. दामोदर खोऱ्याची योजना त्याच काळातली. १९४८ चा वीज पुरवठा कायदा झाला तेव्हा मंत्री काकासाहेब गाडगीळ होते, पण राज्याराज्यांत वीज मंडळे असावीत, वीज हा सार्वजनिक उपक्रम असावा, ही दिशा मजूर खात्याच्या त्या चार वर्षांत ठरत गेली होती. पुढे संविधानात वीज समवर्ती सूचीत, ३८ व्या नोंदीत आली. आणि मार्च १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात तर बाबासाहेबांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे आणि शेतीही राज्याचा उद्योग असे लिहूनच टाकले. जमीन गावकऱ्यांना जातिभेद न करता सामूहिक शेतीसाठी द्यायची, म्हणजे जमीनदार राहणार नाही, कूळ राहणार नाही आणि भूमिहीन मजूरही राहणार नाही. वीज आणि जमीन हे दोन्ही प्रश्न त्यांनी एकाच कागदावर मांडले होते. संविधान सभेने तो कागद बाजूला ठेवला. सौर प्रकल्पांत आज हे दोन प्रश्न पुन्हा एकमेकांना येऊन भिडले आहेत.

मधली पन्नास वर्षे थोडक्यात सांगतो. वीज मंडळे झाली, धरणे झाली, खांब गावात आले. पण गावाच्या कोणत्या भागात? १९९७ पर्यंत सरकारी व्याख्या अशी होती की गावाच्या महसुली हद्दीत कुठेही, कोणत्याही कामासाठी वीज वापरली जात असेल तर ते गाव 'विद्युतीकृत'. म्हणजे पाटलाच्या विहिरीवर एक मोटर चालू झाली की अख्ख्या गावात उजेड पडला असे कागदावर मानायचे! फेब्रुवारी २००४ मध्ये व्याख्या बदलली. लोकवस्तीत आणि जिथे दलित वस्ती असेल तिथे सुद्धा रोहित्र व तारा पोहोचल्या पाहिजेत, शाळा-पंचायत अशा सार्वजनिक जागी वीज पाहिजे आणि किमान १० टक्के घरांत जोडणी पाहिजे, असे ठरले. 'दलित वस्ती' हे शब्द भारत सरकारच्या विद्युतीकरणाच्या व्याख्येत यायला २००४ साल उजाडावे लागले. बाबासाहेबांच्या त्या भाषणाला तेव्हा एकसष्ट वर्षे झाली होती. आणि १० टक्क्यांची अट पूर्ण करून उरलेली ९० टक्के घरे अंधारात राहिली तरी गाव विद्युतीकृतच.

दराचेही तसेच. सत्तर-ऐंशीच्या दशकांत अनेक राज्यांनी शेतीपंपांना मीटरऐवजी अश्वशक्तीवर सरसकट दर लावला. ज्याच्याकडे विहीर त्याला पंप, ज्याच्याकडे पंप त्याला सवलत, ज्याची जमीन मोठी त्याची सवलत मोठी. भूमिहीनाला यातले काहीच नाही, तो फक्त रात्री दोन वाजता मालकाच्या उसाला पाणी द्यायला जाणार. शेतकऱ्याला स्वस्त वीज देऊ नये असे मी म्हणत नाही. कोरडवाहू शेतकऱ्याच्या कपाळीही काही सुख लिहिलेले नाही. पण 'शेतकरी' या एका शब्दाखाली मालक आणि मजूर दोघांना झाकून टाकायचे आणि सवलत फक्त सातबारावर मोजायची, ही सवय तेव्हापासूनची आहे. नव्वदच्या दशकात दाभोळच्या एन्रॉनने महाराष्ट्राच्या वीज मंडळाचे काय केले ते सर्वांना आठवत असेल. खाजगी कंपनीला खात्रीशीर परतावा, मंडळावर न परवडणाऱ्या विजेचे ओझे, आणि २००१ मध्ये खरेदीच बंद करायची वेळ. मग १९९८ चा नियामक आयोग कायदा, २००३ चा वीज कायदा. १९४८ चा कायदा रद्द झाला, वीज मंडळांचे तुकडे होऊन कंपन्या झाल्या, दर ठरवण्याचे काम आयोगाकडे आणि लिलावाकडे गेले.

सौर विजेची गोष्ट या नव्या चौकटीत सुरू होते. ११ जानेवारी २०१० रोजी राष्ट्रीय सौर अभियान जाहीर झाले. २०२२ पर्यंत २०,००० मेगावॅटचे लक्ष्य. वीज महाग होती, म्हणून केंद्राने युक्ती केली. एनटीपीसीच्या व्यापार कंपनीने सौर वीज विकत घ्यायची, तिच्यात कोळशाची स्वस्त सरकारी वीज मिसळायची आणि सरासरी दराने राज्यांना विकायची. गुजरातने स्वतंत्र धोरण करून पहिली १२ वर्षे १५ रुपये आणि पुढची १३ वर्षे ५ रुपये असा ठरीव दर दिला. म्हणजे सुरुवातीच्या कंपन्यांना मोठा दर सार्वजनिक पैशातून आणि सार्वजनिक कोळशाच्या जोरावर मिळाला. हे चुकीचे होते असे नाही, नवे तंत्रज्ञान असेच पायावर उभे करावे लागते. फक्त हे लक्षात ठेवू, कारण नंतर सगळे श्रेय 'बाजाराच्या स्पर्धेला' दिले जाते.

मग उलटे लिलाव आले, जो सर्वांत कमी दर सांगेल त्याला काम. २०१० च्या अखेरीस पहिल्या फेरीत सरासरी १२ रुपयांच्या आसपास, २०११ मध्ये सर्वांत कमी बोली ७ रुपये ४९ पैसे. फेब्रुवारी २०१७ मध्ये मध्य प्रदेशातील रीवा येथे पहिल्या वर्षाचा दर २ रुपये ९७ पैसे. तीनच महिन्यांनी राजस्थानातील भडला येथे २ रुपये ४४ पैसे. २०२० मध्ये दोन रुपये आणि मग १ रुपया ९९ पैसे. दरम्यान २०१५ मध्ये लक्ष्य पाचपट करून १,००,००० मेगावॅट केले गेले. मार्च २०१४ मध्ये देशात साधारण २,६०० मेगावॅट सौर क्षमता होती, जानेवारी २०२५ अखेर ती एक लाख मेगावॅटच्या वर गेली. तीन वर्षे उशीर झाला, पण वाढ डोळे दिपवणारी आहे हे मान्य करायलाच हवे.

घसरणीतला सर्वांत मोठा वाटा पॅनेलचा. दहा वर्षांत पॅनेलच्या जागतिक किमती साधारण नऊ-दशांशाने उतरल्या, आणि ती करामत मुख्यतः चीनमधल्या कारखान्यांची होती. दुसरा वाटा सरकारी हमीचा. २५ वर्षांचा खरेदी करार, मध्ये केंद्राची कंपनी, त्यामुळे कर्ज स्वस्त. तिसरा, आंतरराज्य पारेषण शुल्काची माफी. जून २०२५ पर्यंत सुरू झालेल्या प्रकल्पांना राजस्थानातून महाराष्ट्रापर्यंत वीज नेण्याचे भाडेच नाही. तारा फुकट उभ्या राहत नाहीत, ते भाडे बाकीच्या सर्व ग्राहकांच्या बिलात वाटले गेले. आणि चौथा वाटा जमिनीचा. आपले दुखणे इथे आहे.

एक मेगावॅटला चार-पाच एकर जमीन लागते. धनदांडग्यांच्या बागायतीवर कोणी पॅनेल लावत नाही. जागा शोधली जाते ती 'पडीक' जमिनीत. पडीक हा शब्द इंग्रजांच्या महसुली दप्तरातून आला, जी जमीन सारा देत नाही ती पडीक. तिच्यावर कोण शेळ्या चारतो, कोण सरपण गोळा करतो, कोण दोन पिढ्या ज्वारी पेरतो याच्याशी दप्तराला कर्तव्य नव्हते. आज सरकार उपग्रहाच्या छायाचित्रांवरून पडीक जमिनींचे नकाशे छापते, पण उपग्रहाला माणसाचा हक्क दिसत नाही. गुजरातच्या चारणका आणि राजस्थानच्या भडला इथे ही जमीन पशुपालकांच्या चराईची होती.

कर्नाटकातल्या तुमकूर जिल्ह्यातील पावगडा सौर पार्क तर आदर्श म्हणून दाखवला जातो. २,०५० मेगावॅट, सुमारे १३,००० एकर, आणि जमीन संपादन न करता शेतकऱ्यांकडून भाड्याने, एकरी वर्षाला २१,००० रुपये. दुष्काळी तालुका, शेंगदाणाही धड न येणारी जमीन, मालकाला घरबसल्या भाडे. मालकाच्या दृष्टीने सोन्याचा दिवस. पण त्या जमिनीवर मजुरीला जाणारा भूमिहीन, ज्यात दलित मोठ्या संख्येने आहेत, त्याचे काम एका झटक्यात संपले. पार्क उभारताना काही महिने मजुरी मिळाली, नंतर गवत कापणे, पॅनेल धुणे आणि रात्रीची राखण एवढीच कामे, तीही मोजक्यांना. भाडे मालकाला, वीज शहराला, मजुराला काय? २०१३ च्या भूसंपादन कायद्यात 'बाधित कुटुंब' या व्याख्येत शेतमजूर येतो. तीन वर्षे त्या जमिनीवर पोट असेल तर त्याला पुनर्वसनाचा हक्क आहे. पण जमीन संपादित न करता भाड्याने घेतली की तो कायदाच लागू होत नाही. सौर प्रकल्पांना २००६ च्या अधिसूचनेखालील पर्यावरणीय परवानगीचीही गरज नाही, म्हणजे जनसुनावणी नाही. मजुराने आपले गाऱ्हाणे मांडायचे कुठे? २०११ च्या जनगणनेनुसार शेतीत राबणाऱ्या दलितांपैकी सुमारे ७१ टक्के शेतमजूर आहेत. जमीनमालकाला खूश करणारी योजना गावाला खूश करते, हे समीकरण आपल्याबाबत कधीच खरे नव्हते.

राजस्थानात माळढोक पक्षी विजेच्या तारांना धडकून मरतात म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तारा जमिनीखालून न्यायचा आदेश दिला, २०२४ मध्ये तो बदलताना तज्ज्ञांची समिती नेमली. माळढोक वाचलाच पाहिजे. आम्ही फक्त एवढेच म्हणतो की पक्ष्याची बाजू ऐकायला देशात एक दरवाजा आहे, पावगड्याच्या मजुराला तेवढाही नाही.

जमीनमालकालाही हा खेळ नेहमी लाभत नाही. जानेवारी २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातील विखरणच्या वृद्ध शेतकऱ्याने मंत्रालयात विष घेतले. दोंडाईच्या वीज प्रकल्पासाठी गेलेल्या पाच एकरांचे त्यांना सुमारे चार लाख रुपये मिळाले होते. ते आपल्या समाजाचे नव्हते, पण ही लढाई त्यांचीही होती.

आता महाराष्ट्राकडे येऊ. २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती. उपकेंद्राजवळ छोटे सौर प्रकल्प उभारून शेतीपंपांना दिवसा वीज द्यायची. लक्ष्य आधी ७,००० मेगावॅट, नंतर १६,००० पर्यंत वाढवले. दर साधारण तीन रुपयांच्या आसपास. योजनेचा हेतू चांगला आहे हे मी स्वच्छ सांगतो. रात्रीच्या विजेने साप-विंचवाच्या तोंडी जाणारा माणूस पुष्कळदा आपल्याच वस्तीतला सालगडी असतो, दिवसा वीज आली तर त्याचाही जीव वाचेल. खाजगी जमिनीला हेक्टरी वर्षाला १,२५,००० रुपये भाडे आणि दरवर्षी ३ टक्के वाढ. ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाखांप्रमाणे तीन वर्षे अनुदान. आणि सरकारी जमीन, ज्यात गायराने आली, नाममात्र भाड्याने.

गायरान म्हणजे काय, हे आंबेडकरी चळवळीला सांगायची गरज नाही. १९५३ मध्ये मराठवाड्यात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. १९५९ मध्ये दादासाहेब गायकवाडांनी खानदेश, नाशिक, मराठवाडा पेटवला. डिसेंबर १९६४ पासूनच्या देशव्यापी सत्याग्रहात लाखो माणसे, बाया-बापड्या लेकरे काखेत घेऊन, तुरुंगात गेल्या. पडीक जमीन भूमिहीनांना द्या, ही त्यातली मुख्य मागणी होती. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची, दलित-आदिवासींनी शेतीसाठी कसलेली गायरान अतिक्रमणे नियमित करायचे ठरले. तारीख मुद्दाम बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाची निवडली. निर्णय निघाला, पण सातबारे किती जणांचे झाले? तलाठ्याच्या दारात चपला झिजवून कितीतरी म्हातारे गेले. त्यानंतर २०११ चा जगपालसिंग खटल्याचा निकाल, त्यावरचा राज्याचा शासन निर्णय, २०२२ मध्ये गायरानावरील अतिक्रमणे काढण्याची मोहीम. जगपालसिंग निकालात भूमिहीनांना वा अनुसूचित जाती-जमातींना पट्टे दिले असतील तिथे अपवाद मान्य केला आहे, पण नोटीस काढणाऱ्या तहसील कार्यालयांना तो परिच्छेद दिसत नाही. आणि आता त्याच गायरानावर सौर प्रकल्प. भूमिहीनाने कसली तर अतिक्रमण, कंपनीने नाममात्र भाड्याने घेतली तर हरित विकास!

हा हिशेब पैशात मांडून पाहू, कारण 'तुमच्या मागण्यांनी वीज महाग होईल' असे लगेच सांगितले जाते. एक मेगावॅट प्रकल्प वर्षाला साधारण १६ लाख युनिट वीज देतो. तीन रुपये दराने ४८ लाख रुपये. चार एकर जमिनीचे भाडे, सरकारनेच ठरवलेल्या एकरी ५०,००० च्या हिशेबाने, दोन लाख. म्हणजे युनिटमागे साडेबारा पैसे. गायरान नाममात्र भाड्याने दिले की हे साडेबारा पैसे वाचतात, आणि ते वाचतात गायरान कसणाऱ्याच्या ताटातून. उलट बाजूने पाहा. युनिटमागे फक्त १० पैसे गावातील भूमिहीन कुटुंबांच्या नावे बाजूला काढले, तर पाच मेगावॅटच्या एका प्रकल्पातून वर्षाला आठ लाख रुपये होतात, आणि तेही प्रकल्प चालेल तोवर, २५ वर्षे. ग्रामपंचायतीला मिळणारे तीन वर्षांचे १५ लाख त्यासमोर काय आहेत? तीन रुपयांची वीज तीन रुपये दहा पैसे झाली म्हणून महाराष्ट्र बुडणार नाही. १७ रुपये ९१ पैसे देताना देश बुडाला नव्हता.

दराच्या धोरणात दुसरीही एक मेख आहे, ती अजून फार थोड्यांच्या लक्षात आली आहे. २०२३ मध्ये केंद्राने ग्राहक हक्कांचे नियम बदलले. आता दिवसाच्या वेळेनुसार दर. सूर्य असतो त्या आठ तासांत वीज किमान २० टक्के स्वस्त, संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी महाग. एप्रिल २०२४ पासून उद्योग-व्यापाराला, एप्रिल २०२५ पासून शेती सोडून इतरांना. तत्त्व म्हणून बरोबरच आहे, सौर वीज दुपारी मुबलक असते. पण दुपारी घरी कोण असते? ज्याच्या घरात वॉशिंग मशीन आहे, एसी आहे, तो. धुणीभांडी करणारी बाई, बिगारी, सफाई कामगार, नाक्यावरचा मजूर उन्हाच्या वेळी कामावर असतात. त्यांच्या खोलीतला पंखा आणि बल्ब लागतो तो संध्याकाळी सातनंतर. घराच्या छतावरच्या सौर योजनेचेही तेच. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळते, एक कोटी घरांसाठी ७५,००० कोटींची तरतूद आहे. पण त्यासाठी स्वतःचे, नावावरचे, पक्के छप्पर लागते. पत्र्याच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्याला सूर्य आहे, घर नाही! 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला १० ऐवजी ५ टक्केच रक्कम भरावी लागते, ही सवलत स्वागतार्ह आहे. मात्र पंप मागायला आधी विहीर लागते, विहिरीला आधी जमीन.

एप्रिल २०२१ मध्ये महावितरणने अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबांना ५०० रुपये अनामत भरून मीटर देण्याची योजना काढली आणि तिला नाव दिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर जीवन प्रकाश योजना. ज्या माणसाने देशाच्या विजेची मालकी कोणाची असावी हा प्रश्न विचारला, त्याचे नाव ५०० रुपयांच्या अनामत पावतीवर छापून सरकार मोकळे झाले.

आपल्यातलेही काही जण म्हणतात की सौर ऊर्जा हे भांडवलदारांचे कारस्थान, कोळसाच बरा. हे मला पटत नाही. चंद्रपूर-कोराडीच्या राखेत कोणाच्या वस्त्या आहेत ते जाऊन पाहावे. उष्णतेच्या लाटेत पहिला मरतो तो उन्हात राबणारा, आणि तो आपला असतो. सौर ऊर्जा हवीच. ती खोपोली-मुळशीच्या वाटेने यायची की १९४३ च्या प्रश्नांची उत्तरे देत यायची, एवढाच वाद आहे. भाडेपट्ट्याच्या जमिनीवरील मजुराला २०१३ च्या कायद्याप्रमाणे बाधित माना. गायरानाचा भाडेपट्टा करण्याआधी १९९१ च्या निर्णयातले प्रलंबित दावे निकाली काढा. अनुसूचित जाती विकास आराखड्याच्या निधीतून वस्तीतल्या कुटुंबांच्या सहकारी संस्थेला एक-दोन मेगावॅटचे प्रकल्प द्या, महावितरण त्यांच्याकडून त्याच तीन रुपयांनी वीज घेईल. साखर कारखान्याला सहकार चालतो, तर सौर प्रकल्पाला का चालू नये?

तोवर गावोगावच्या कार्यकर्त्यांना एक काम सांगतो. आपल्या गायरानाचा गट क्रमांक सौर योजनेच्या यादीत आहे का, हे तहसील आणि महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाकून काढून घ्या. कसणाऱ्यांकडे १९९० पूर्वीच्या दंडाच्या पावत्या, गाव नमुना एक-ई मधील अतिक्रमणाची नोंद, पीकपाण्याचे उतारे, जुन्या सत्याग्रहातले अटकेचे कागद असतील तर त्यांच्या दोन-दोन प्रती काढा, एक घरात, एक शाखेच्या कार्यालयात ठेवा. ग्रामसभेची नोटीस निघाली की त्या सभेला बायकांसह हजर राहा, आणि गायरान देण्याचा ठराव वाचला गेला तर आपला विरोध तोंडी न सांगता लेखी द्या, ग्रामपंचायतीची पोच घ्या. पोच दिली नाही तर तोच अर्ज त्याच दिवशी स्पीड पोस्टाने जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवा.